पालिकेचं स्वतःचं फायबर: काच स्वस्त, खोदाई महाग

रात्रीचे दोन वाजलेत, पाऊस कोसळतोय आणि शहराच्या सखल भागातल्या पंपिंग स्टेशनमध्ये पाण्याची पातळी चढत चाललीय. तिथला सेन्सर दर काही सेकंदांनी ती पातळी कंट्रोल रूमला कळवतो, कंट्रोल रूममधला माणूस स्क्रीनवर बघून दुसरा पंप चालू करतो आणि रस्त्यावर पाणी साचायच्या आत ते उपसलं जातं. हे सगळं चालतं ते सेन्सर आणि कंट्रोल रूम यांच्यामधल्या एका लाइनच्या जिवावर. ती लाइन कोणाची आहे, कुठून गेलीय आणि तुटली तर कोण किती वेळात येणार, एवढं ज्या पालिकेला माहीत असतं तिला त्या रात्री फक्त पावसाशी झुंजावं लागतं. ज्यांना माहीत नसतं त्यांना कस्टमर केअरशीही झुंजावं लागतं.

म्हणून पालिकेने आपल्या इमारती जोडायला स्वतःचं फायबर, म्हणजे प्रकाशाने डेटा नेणारी काचेची केबल, टाकावं का, हा प्रश्न मला फक्त इंटरनेटच्या स्पीडचा वाटत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की ही चैन आहे, कंपन्या आहेत की लाइन द्यायला, पालिकेने कशाला त्यात पडायचं. शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर द्यायचं तर आधी हे जाळं नेमकं कशाचं बनतं ते नीट बघायला हवं.

कुठल्याही शहराच्या कारभारात किती जागा असतात ते एकदा मोजून बघा. मुख्य ऑफिस, विभागीय ऑफिसं, अग्निशमन केंद्रं, दवाखाने, शाळा, लायब्रऱ्या, जलशुद्धीकरण केंद्र, पाण्याच्या टाक्या, पंपिंग स्टेशनं, सांडपाण्याचे प्लांट, चौकाचौकातले सिग्नल, कॅमेरे. यातल्या प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी कधीतरी एक कनेक्शन घेतलेलं असतं, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खात्याने, वेगवेगळ्या कंपनीकडून. बिलंही त्या त्या खात्यातून भरली जातात, त्यामुळे सगळं मिळून शहर महिन्याला किती पैसे मोजतंय हा आकडा बहुतेक वेळा कोणाच्याच टेबलावर नसतो. आणि हे पैसे भाड्याचे आहेत, म्हणजे २० वर्षं भरले तरी शेवटी हातात काही उरत नाही, उलट स्पीड वाढवून हवा असेल तर नवीन दर.

आता फायबर म्हणजे काय ते थोडक्यात. बाहेरच्या लाइनींसाठी जे वापरतात त्या सिंगल मोड फायबरमध्ये काचेची एक तार असते, १२५ मायक्रॉन (म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीची, आणि तिच्या आत मधोमध साधारण ९ मायक्रॉनचा गाभा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर तो गाभा केसापेक्षा कितीतरी बारीक झाला. गाभ्याची काच आणि भोवतालची काच यांच्या गुणधर्मात किंचित फरक ठेवलेला असतो, त्यामुळे आत सोडलेला प्रकाश बाहेर न पडता गाभ्यातूनच पुढे जात राहतो. काचेत प्रकाश सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा वेळ म्हणजे नसल्यातच जमा.

काचेतून प्रकाश फार लांब जाणार नाही असंच पूर्वी सगळ्यांना वाटायचं. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं की दोष काचेत नसून काचेतल्या अशुद्धीत आहे आणि वाटेत होणारं प्रकाशाचं नुकसान (ते डेसिबलमध्ये मोजतात) किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आणता आलं तर संदेशवहन शक्य आहे. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीच्या संशोधकांनी तशी काच बनवली, आणि काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश शिल्लक. आजच्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल नुकसान होतं, म्हणजे किलोमीटरभर गेल्यावरही ९५ टक्के प्रकाश शिल्लक असतो. ऑफिसातली तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरनंतर हात टेकते, इथे मधे एकही मशीन न लावता दहा-वीस किलोमीटर सहज जमतं.

पण पालिकेच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. काच एकदा जमिनीत गेली की तिच्यातून किती डेटा जाईल हे काच ठरवत नाही, दोन्ही टोकांना लावलेली मशीन्स ठरवतात. आज १ गिगाबिटचं मॉड्यूल, म्हणजे काचेत प्रकाश सोडणारं आणि आलेला प्रकाश वाचणारं छोटं उपकरण, लावलं, पाच वर्षांनी ते काढून १० गिगाबिटचं लावलं, पुढे १०० चं, काच तीच. शिवाय एकाच काचेतून वेगवेगळ्या रंगांचा, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश एकाच वेळी सोडता येतो आणि प्रत्येक रंग हा एक वेगळा रस्ता. मशीन ७-१० वर्षांत जुनं होतं, काच आणि डक्ट, म्हणजे केबल ज्यातून जाते ती नळी, मात्र कित्येक दशकं चालतात. म्हणून या कामात जमिनीखालची मालमत्ता एका वहीत आणि टोकाची मशीन्स दुसऱ्या वहीत लिहायला हवीत, त्यांचं आयुष्य वेगळं, खर्च वेगळा, देखभाल वेगळी.

इथेच डार्क फायबर हा शब्द येतो. डार्क म्हणजे नुसती काच, तिच्यात प्रकाश सोडलेला नाही, तो तुम्ही सोडायचा. कंपनीकडून लाइन घेता तेव्हा काच तिची, मशीन तिचं, प्रकाश तिचा आणि तुम्हाला मिळते फक्त सेवा. मधला मार्गही आहे, कंपनीने आधीच टाकलेल्या केबलमधल्या काही काचांच्या जोड्या २० वर्षांच्या करारावर घ्यायच्या आणि मशीन आपलं लावायचं. नदीच्या पलीकडे किंवा शहरापासून दूर एखादीच टाकी असेल तर तिच्यासाठी किलोमीटरच्या किलोमीटर खोदण्यापेक्षा हे कधीही बरं. सगळं स्वतःचंच हवं असा हट्ट करून चालत नाही, हे मी या कल्पनेचा समर्थक असूनही सांगतो.

तर खर्च कशात जातो? काचेत नाही. केबल स्वस्त आहे, आणि २४ काचांच्या केबलऐवजी ९६ काचांची घेतली तर केबलचा दर वाढतो खरा, पण पूर्ण कामाच्या खर्चात तो फरक फारसा जाणवत नाही. पैसा जातो रस्ता कापायला, चर खणायला, माती भरायला, परत डांबर किंवा काँक्रीट करायला, वाहतूक वळवायला आणि परवानग्यांना. म्हणूनच जगभर यातले लोक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात की रस्ता एकदाच खणा. पाण्याची लाइन बदलतायत, ड्रेनेजचं काम चाललंय, नवीन फुटपाथ होतोय, तर त्याच उघड्या चरात रिकामे डक्ट टाकून ठेवा, आज फायबर टाकायचं नसलं तरी. नळी आत्ता टाकायला थोडेच पैसे लागतात, तीच नळी दोन वर्षांनी नवाकोरा रस्ता फोडून टाकायची म्हणजे पैसाही जातो आणि लोकांच्या शिव्याही खाव्या लागतात, आणि त्या शिव्या रास्तच असतात. हे फक्त पालिकाच नीट करू शकते कारण रस्ता तिचा, ड्रेनेज तिचं, फुटपाथ तिचा. पण त्यासाठी रस्ते खातं, पाणी खातं आणि आयटी खातं यांनी पुढच्या तीन वर्षांच्या खोदाईची यादी एका टेबलावर ठेवावी लागते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, काच जोडणं त्यामानाने सोपं.

चरात जाते ती एचडीपीई म्हणजे जाड प्लास्टिकची नळी. साधारण मीटरभर किंवा त्याहून खोल पुरतात, वर काही अंतरावर रंगीत इशारा पट्टी अंथरतात, म्हणजे पुढे कोणी खणायला लागलं तर नळीला धक्का लागायच्या आत पट्टी दिसते. एकच नळी कधी टाकू नये, किमान दोन, शक्य तर तीन. एकीत आजची केबल, दुसरी भविष्यासाठी, आणि तिसरी अशासाठी की पहिलीतली केबल खराब झाली तर जुनी चालू ठेवून नवीन टाकता यायला हवी. काही ठराविक अंतरावर चेंबर बांधतात, आणि प्रत्येक मोठ्या चेंबरमध्ये १५-२० मीटर केबलचा लूप गुंडाळून ठेवतात. बघणाऱ्याला ती नासाडी वाटते पण केबल तुटली की जोडायला दोन्ही बाजूंनी ढील लागते, ती या लूपमधून मिळते, आणि जोड द्यायला केबल चेंबरमधून उचलून वर गाडीत आणता येते.

केबल नळीत बहुतेक वेळा ओढत नाहीत, फुंकतात. म्हणजे कॉम्प्रेसरने नळीत हवा सोडायची आणि मशीनने केबल आत ढकलत राहायची, हवेच्या प्रवाहावर ती पुढे सरकत जाते, नळी सरळ आणि स्वच्छ असेल तर एका दमात किलोमीटरभर किंवा जास्तही. अट तीच, नळी स्वच्छ हवी. नळी टाकल्यावर तिची तोंडं टोपण लावून बंद केली नाहीत तर चिखल जातो, उंदीर जातात, आणि वर्षभराने केबल टाकायला आलेली टीम अर्धा दिवस नळी साफ करत बसते. टोपणाची किंमत काय असते, काहीच नाही, पण साइटवर उभं राहून ते लावून घेणारा माणूस हवा.

मोठा रस्ता किंवा रेल्वे रूळ ओलांडायचे असतील तर वरून न कापता ड्रिलिंग मशीनने आडवं भोक पाडतात, आधी बारीक, मग मोठं करत नळी मागे ओढून आणतात. वाहतूक थांबत नाही हा मोठा फायदा. पण जमिनीखाली गॅस, पाणी, वीज काय काय कुठे आहे ते न बघता ड्रिल चालवलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी जागोजागी हाताने खड्डे घेऊन बघतात. खांबांवरून केबल नेणं स्वस्त आणि झटपट, पण झाडं पडतात, उंच गाडी तार ओढून नेते, वादळात दहा ठिकाणी एकदम तुटते, आणि नेमकं तेव्हाच अग्निशमन केंद्राला लाइन हवी असते. काही शहरांनी वेगळी वाट धरली, टोकियोमध्ये ड्रेनेजच्या पाइपमधून फायबर टाकून त्याच्यावर पंपिंग स्टेशनं लांबून चालवतात. पाइप आधीपासून सगळीकडे पोचलेला आहेच, तर तोच वापरायचा.

फायबर केबलमध्ये बहुतेक वेळा धातू नसतो, त्यामुळे विजेचा किंवा कडाडणाऱ्या विजांचा त्रास तिच्यातून पोचत नाही. पण त्याचीच दुसरी बाजू म्हणजे जमिनीवरून डिटेक्टर फिरवला तर ती सापडतच नाही. म्हणून नळीबरोबर एक तांब्याची तार टाकतात, तिच्यात सिग्नल सोडला की वरून माग काढता येतो. ठेकेदाराच्या टेंडरमध्ये ही तार नसली तर आत्ताच घालून घ्या, नंतर ती टाकता येत नाही.

आता काच जोडायचं काम जवळून बघू, कारण ते एकदा बघितलं की या जाळ्याला काय लागतं ते नीट कळतं. चेंबरशेजारी गाडी किंवा छोटा तंबू असतो, कारण धूळ आणि वारा चालत नाही. केबलच्या आत बारीक नळ्या असतात, प्रत्येकीत बहुधा १२ काचा, आणि प्रत्येक काचेवर रंगाचा लेप. एका प्रचलित पद्धतीत क्रम असा असतो की निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी, पांढरी, लाल, काळी, पिवळी, जांभळी, गुलाबी आणि फिकट निळसर. माणूस एक निळी काच उचलतो, तिच्यावर बारीक नळकांडं सरकवून ठेवतो (हे विसरलं तर सगळं पुन्हा करावं लागतं), लेप सोलतो, अल्कोहोलने पुसतो, मग क्लीव्हर नावाच्या छोट्या यंत्रात ठेवून टक् करून तोडतो. ही तोड अगदी काटकोनात यावी लागते. समोरच्या केबलमधली निळी काचही तशीच तयार करायची. दोन्ही टोकं स्प्लाइसिंग मशीनमध्ये ठेवली की स्क्रीनवर ती मोठी होऊन दिसतात, मशीन स्वतः दोघांना एका रेषेत आणतं, मधे एक ठिणगी पडते आणि काच वितळून एकजीव होते. स्क्रीनवर आकडा येतो, ०.०२ डेसिबल. चांगला जोड. मग ते नळकांडं जोडावर सरकवून तापवतात म्हणजे ते आवळून बसतं, आणि जोड ट्रेमध्ये ठेवला जातो. निळीला निळी, नारिंगीला नारिंगी. ९६ काचांची केबल म्हणजे हे ९६ वेळा, त्याच काळजीने.

हे जोड, कनेक्टर (प्लगसारखे काढता-घालता येणारे सांधे) आणि अंतर मिळून प्रकाश किती उरतो याचा हिशोब आधी मांडावा लागतो. उदाहरण घ्या. मुख्य ऑफिस ते पंपिंग स्टेशन ८ किलोमीटर. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ धरलं तर २.८ डेसिबल. मधे ६ जोड, प्रत्येकी ०.१ धरू म्हणजे ०.६. चार ठिकाणी कनेक्टर, प्रत्येकी ०.५ म्हणजे २. एकूण ५.४. दहा किलोमीटरवाल्या १० गिगाबिट मॉड्यूलला साधारण ६.२ डेसिबलपर्यंतचं नुकसान चालतं. म्हणजे कागदावर लाइन चालेल, पण हाताशी उरलं फक्त ०.८. पुढच्या वर्षी केबल तुटली आणि दोन जोड वाढले, एखाद्या कनेक्टरवर धूळ बसली, की लाइन अधूनमधून पडायला लागेल, आणि असा अधूनमधून येणारा फॉल्ट शोधणं हे पूर्ण तुटलेली केबल शोधण्यापेक्षा कितीतरी वाईट काम. म्हणून अशा ठिकाणी एक तर कनेक्टर कमी करायचे किंवा जास्त ताकदीचं मॉड्यूल घ्यायचं. आणि कनेक्टर लावायच्या आधी प्रत्येक वेळी पुसायचा. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात आडवा पडलेला दगड.

यापुढचा प्रश्न, केबल तुटली तर? तुटणारच. खोदकामाच्या मशीनपुढे कुठलीच केबल टिकत नाही. म्हणून महत्त्वाच्या जागा एका रेषेत न जोडता गोलात जोडतात, रिंग म्हणतात तिला. एका बाजूने तुटली तर डेटा उलट्या बाजूने फिरून पोचतो, नीट बसवलेली मशीन्स हा बदल ५० मिलिसेकंदांच्या आसपास करतात, कंट्रोल रूममधल्या माणसाला कळतही नाही. पण इथे एक चूक फार ठिकाणी होते. नकाशावर रिंग गोल दिसते आणि प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या केबल एकाच पुलावरून, एकाच चरातून किंवा इमारतीत शिरताना एकाच भोकातून गेलेल्या असतात. अमेरिकेत बाल्टिमोरला जुलै २००१ मध्ये हॉवर्ड स्ट्रीटच्या रेल्वे बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली, त्या बोगद्यातून गेलेली फायबर केबल जळाली आणि त्याचा फटका शहराबाहेरच्या इंटरनेट वाहतुकीलाही बसला. बोगदा, पूल अशा जागा सगळ्यांनाच सोयीच्या असतात म्हणून सगळ्यांच्या केबल तिथेच गोळा होतात. त्यामुळे रिंग आहे का एवढं विचारून थांबू नका, दोन वाटा जमिनीवर एकमेकींपासून किती लांब आहेत ते विचारा, आणि जमलं तर स्वतः चालून बघा.

रिंग करूनही वीज गेली तर काय हा प्रश्न उरतोच. वाटेतल्या काचेला वीज लागत नाही पण टोकाच्या स्विचला, म्हणजे डेटा पुढे वळवणाऱ्या मशीनला, लागते. पंपिंग स्टेशनच्या पंपांना जनरेटर आणि नेटवर्कच्या स्विचला साधा प्लग, असं झालं तर सगळ्यावर पाणी. बॅटरी बॅकअप हा फायबर प्रकल्पाच्या बजेटमध्येच धरायचा.

सुरक्षेबद्दलही एक सांगतो. काच आपली आहे म्हणून ती आपोआप सुरक्षित होत नाही. पाण्याच्या पंपांचं नियंत्रण, लायब्ररीतलं फुकट वायफाय आणि कर्मचाऱ्यांचे कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर मोकळे सोडले तर मालकीचा काही उपयोग नाही. पण स्वतःच्या काचा भरपूर असतील तर पंपांसाठी एक जोडी पूर्ण वेगळी ठेवता येते, आणि वर एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक करणं, लावता येतं. भाड्याच्या लाइनवर ही वेगळी जोडी बहुतेक वेळा परवडत नाही.

आता मी ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट. नकाशा. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या प्रोव्हो शहराने ३९ दशलक्ष डॉलर घालून स्वतःचं फायबर जाळं उभं केलं, घरोघरी सेवा द्यायचा बेत होता, तो आर्थिकदृष्ट्या जमला नाही आणि २०१३ मध्ये शहराने ते जाळं गुगलला एका डॉलरला विकलं. त्या व्यवहारात दोन खर्च पुढे आले. एक म्हणजे सिग्नल, पोलीस आणि अग्निशमन यांची कामं त्याच जाळ्यावर चालायची, ती पुढे चालू ठेवायला नवीन उपकरणं घ्यायची होती, साधारण ७ लाख २२ हजार डॉलरची. दुसरा म्हणजे केबल जमिनीखाली नेमक्या कुठे आहेत हे शोधून काढायला एका इंजिनिअरिंग कंपनीला द्यायचे साधारण ५ लाख डॉलर. स्वतःच्याच पैशाने, स्वतःच्याच रस्त्यात पुरलेली केबल कुठे आहे हे शोधायला ५ लाख डॉलर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण हे टाळायला फार काही लागत नाही. चर उघडा असतानाच प्रत्येक वळणाचं जीपीएसवर ठिकाण घ्यायचं, खोली मोजायची, फोटो काढायचा आणि त्याच आठवड्यात नकाशात भरायचं. टेंडरच्या ड्रॉइंगमध्ये जे असतं ते इरादा असतो, जमिनीत जे असतं ते वेगळं असतं कारण मधे पाण्याची लाइन निघते, झाडाचं मूळ येतं आणि ठेकेदार दोन मीटर बाजूला सरकतो. ते दोन मीटर नकाशात आले नाहीत तर पुढच्या खोदाईत केबल जाणार.

नकाशाबरोबर हेही लिहून ठेवावं लागतं की कुठल्या चेंबरमध्ये कुठली काच कुठल्या काचेला जोडलीय, कुठली मोकळी आहे, कुठली कोणाला दिलीय. हे काम कोणाच्या डोक्यात किंवा कोणाच्या लॅपटॉपवरच्या एका फाइलमध्ये असेल तर तो माणूस रिटायर झाला की जाळं अर्धं आंधळं होतं.

पैशाच्या बाजूने बघितलं तर प्रोव्होचं उदाहरण देऊन हा नादच नको म्हणणारे बरेच असतात. पण तिथे अडचण आली ती घरोघरी ग्राहक मिळवण्याच्या धंद्यात. तो धंदा वेगळा आहे, त्यात मार्केटिंग आहे, तक्रारी आहेत, बाजारातल्या मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा आहे, आणि अमेरिकेतल्या काही राज्यांत तर पालिकेने नागरिकांना इंटरनेट विकण्यावर कायद्यानेच बंधनं आहेत. स्वतःच्या इमारती जोडण्यात ग्राहक शोधायचा नसतो, ग्राहक आपणच, आणि भाड्यापोटी जे आत्ता जातंय तेच उत्पन्न. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराने १९९८ मध्ये आराखडा केला, आधी पालिकेच्या इमारती, कॉलेज आणि शाळा जोडल्या, भाड्याच्या लाइनी बंद करून वाचलेल्या पैशातून हळूहळू जाळं वाढवलं आणि मग उरलेलं फायबर व्यवसायांना द्यायला सुरुवात केली. स्टॉकहोमने १९९४ मध्ये स्टोकॅब ही शहराच्या मालकीची कंपनी काढली, ती नुसतं डार्क फायबर भाड्याने देते, स्वतः इंटरनेट विकतच नाही, त्यामुळे अनेक कंपन्या तिच्याकडून काच घेतात आणि इंटरनेट विकण्यात ती त्यांची स्पर्धक नाही. टेनेसीतल्या चॅटानूगामध्ये शहराच्या मालकीच्या वीज संस्थेने वेगळं गणित मांडलं, वीज जाळ्यातले स्विच आपोआप चालावेत म्हणून फायबर आणि त्याच फायबरवर घरोघरी सेवा, २०१० मध्ये तिथे सगळ्या शहरात गिगाबिट मिळायला लागलं. तीन शहरं, तीन वाटा. मला विचाराल तर नवीन सुरुवात करणाऱ्याला सांता मोनिकाची वाट जास्त झेपणारी आहे, कारण तिच्यात प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या बचतीवर पडतं.

मात्र बचतीचा हिशोब प्रामाणिकपणे करा. भाड्याचं बिल बंद झालं की नवीन खर्च चालू होतात. जागा दाखवून देण्याचं काम, म्हणजे कोणी खणणार असेल तर आपली लाइन कुठे आहे ते जाऊन खुणा करून देणं, हे रोजचं काम आहे. रात्री केबल तुटली तर जोडायला येणारी टीम, स्वतःची नसेल तर वेळेच्या अटीसह करारावर. गोदामात त्याच प्रकारच्या केबलचा एक ड्रम आणि जोडाचे दोन-तीन डबे, कारण तुटल्यावर खरेदीची फाइल फिरवायला वेळ नसतो. दर काही वर्षांनी टोकाची मशीन्स. आणि किमान दोन माणसं ज्यांना हे जाळं माहीत आहे. हे सगळं धरूनही आकडे जुळत असतील तरच पुढे जा. जागा दोनचारच असतील, लांब विखुरलेल्या असतील, भाडं कमी असेल, तर नाही जुळणार, आणि तसं झालं तर डक्ट टाकत राहा आणि थांबा.

सुरुवात कुठून करायची? माझ्या मते एका यादीपासून. प्रत्येक जागा, तिथली लाइन, तिचं महिन्याचं भाडं, ती बंद पडली तर काय अडतं, आणि तिच्या आसपास पुढच्या तीन वर्षांत कुठली खोदाई होणार आहे. ही यादी नकाशावर मांडली की पहिला टप्पा कुठला ते बहुतेक वेळा आपोआप दिसतं, जिथे भाडं जास्त, जागा जवळजवळ आणि रस्ता नाहीतरी उघडणार.

आणि पहिला टप्पा झाला की ठेकेदाराचं शेवटचं बिल पास करायच्या आधी एक गोष्ट हातात घ्या. ओटीडीआर नावाचं मशीन असतं, ते काचेत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून आलेख काढतं, कुठे जोड आहे, कुठे वळण आहे, कुठे संपली, मीटरसकट. प्रत्येक काचेची ही टेस्ट दोन्ही टोकांकडून घ्यायची, १३१० आणि १५५० अशी दोन्ही तरंगलांबींवर. एखाद्या ठिकाणी १५५० ला नुकसान जास्त आणि १३१० ला कमी दिसलं तर तिथे काच घट्ट दुमडली गेलीय, बहुधा कुठल्यातरी ट्रेमध्ये किंवा चेंबरमध्ये घाईत दाबून बसवलेली. ते आत्ताच उघडून नीट करून घ्यायचं. आणि मोकळ्या काचांचीही टेस्ट घ्यायची, कारण ठेकेदार बहुतेक वेळा वापरातल्या दोनच काचा तपासून मोकळा होतो, आणि सहा वर्षांनी नवीन कॅमेरे जोडायला जाल तेव्हा कळतं की बाकीच्या काचांपैकी चार कधीच जोडल्या गेल्या नव्हत्या. सगळ्या फाइली पालिकेच्या सर्व्हरवर, काचेच्या नंबरनिशी आल्या की मग सही करा.